धांगडधिंग्याचा रकाना

त्यांचे खरे नाव मंडळाच्या हजेरीपुस्तकात होते आणि तिथेच सुखरूप होते. बाहेर ते कुणी वापरत नसे. लहानथोर सगळे त्यांना काठोकाठ म्हणत. तोंडावर काठोकाठकाका, पाठीमागे नुसते काठोकाठ. हे नाव कसे पडले ते सांगायचे तर आधी पाण्याच्या ट्रेबद्दल सांगावे लागेल, आणि ट्रेबद्दल सांगायचे तर त्याही आधी सातव्या नियमाबद्दल.

मंडळ म्हणजे एक वाचनालय, त्याला लागून एक सभागृह, आणि दोहोंच्या मागे व्यवस्थापकाला राहायला दोन खोल्या. खोल्या आणि वाचनालय यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची भिंत. भिंत कसली, लाकडाचा पडदाच तो. पलीकडे कुणी पान उलटले तर अलीकडे कळे, आणि अलीकडे कढईत उलथणे वाजले तर पलीकडे चार वाचक एकदम मान वर करत.

सभागृहाच्या दाराशी पत्र्याचा फलक होता. साठ वर्षांपूर्वी संस्थापकांनी त्यावर बारा नियम रंगवून घेतले होते. थुंकू नये, खुर्च्या ओढू नयेत, भिंतीला तेलकट डोके टेकू नये, असे कुणालाही कळतील असे ते नियम. सातवा मात्र वेगळा होता: 'सभागृहात धांगडधिंगा करण्यास सक्त मनाई आहे. केल्यास संबंधितांस सभागृह कायमचे बंद.' आणि नववा, 'नोंदवहीत खोडाखोड करू नये.'

नोंदवहीत प्रत्येक कार्यक्रमाची एक ओळ असे. तारीख, कार्यक्रम, माणसे, मोडलेल्या खुर्च्या, आणि शेवटचा रकाना, 'धांगडधिंगा'. त्यात 'झाला' किंवा 'नाही' एवढेच लिहायचे. काठोकाठांनी एकतीस वर्षांत तिथे दुसरे काही लिहिले नाही. नाही, नाही, नाही. वहीची पाने भरभर उलटली तर एखादा मनुष्य एकतीस वर्षे मान हलवत उभा आहे असे वाटे.

बरीच वर्षे त्या शब्दाचा अर्थ कुणी विचारला नाही. न कळणारी गोष्ट फलकावर रंगवलेली असली की माणसे तिला मान देतात. पण एकदा एका पोस्टमनने मुलाच्या वाढदिवसासाठी सभागृह घेतले, पोरे खुर्च्यांखालून रांगली, वाचनालयातून तक्रार आली, आणि काठोकाठ वही घेऊन आले तेव्हा तो भला माणूस म्हणाला, "लिहा खुशाल. पण धांगडधिंगा म्हणजे नक्की काय, ते आधी सांगा. मी केला की नाही हे मलाही कळू द्या!"

काठोकाठांनी वही मिटली. त्यांनी प्रश्न जसाच्या तसा कार्यकारिणीपुढे ठेवला.

कार्यकारिणीत तिघे होते. अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक, चिटणीस वकील, आणि तिसरे दातांचे डॉक्टर.

"अहो, सोपं आहे," अध्यक्ष म्हणाले. "आमची आई नाही का म्हणायची, बंद करा तो धांगडधिंगा!"

"म्हणजे तुम्ही काय करत असायचात?" वकिलांनी विचारले.

"आम्ही काय करणार? आम्ही बंद करायचो."

"ज्याची व्याख्या नाही त्याला मनाई करता येत नाही," वकील म्हणाले. "उद्या हे प्रकरण कोर्टात गेलं तर आपलंच हसं होईल."

"हसं हे त्याचं एक लक्षण असावं," दातांचे डॉक्टर म्हणाले. ते एरवी बोलत नसत, पण बोलले की मुळाशी जात.

वाचनालयातला जाडा कोश काढला. त्यात धांगडधिंगा म्हणजे धिंगाणा असे होते. धिंगाणा पाहिला तर दांडगाई, आणि दांडगाई पाहिली तर पुन्हा धांगडधिंगा. तिघांनी कोश मिटला आणि उपसमिती नेमली. उपसमितीतही तेच तिघे. दोन वर्षांत अकरा बैठका झाल्या. अकराव्या बैठकीत, एकदा प्रात्यक्षिकच करून पाहावे, असा ठरावही झाला. पण पुरेशी माणसे हजर नसल्याने प्रात्यक्षिक तहकूब करण्यात आले.

शेवटी व्याख्या झाली. धांगडधिंग्याची लक्षणे चार. एक, माणसे किमान सात. दोन, दोघांहून अधिक जण एकाच वेळी मोठ्याने बोलत वा गात असणे. तीन, पाय जमिनीपासून एक वीत वर उचलला जाणे. चार, हसण्यास सबळ कारण नसणे. चारही एकाच वेळी दिसली तरच धांगडधिंगा. तीन दिसली तर ती नुसती करमणूक. वीत कुणाची, यावर एक संध्याकाळ गेली. अखेर अध्यक्षांची वीत धरली, त्यांच्याच वखारीतून तेवढ्या लांबीची एक पट्टी कापून आणली आणि काठोकाठांच्या हवाली केली. ती पट्टी त्यानंतर कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे.

दुसरा कुणी असता तर पट्टी खिशात घालून स्टुलावर डुलक्या काढत बसला असता. पण काठोकाठ नाकासमोर चालणारे. दिलेले काम त्यांनी मनावर घेतले. चार लक्षणांपैकी तीन आपल्या हातात नाहीत, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखले. माणसे येणारच. आली की बोलणारच. आणि हसायला सबळ कारण असे असते किती जणांपाशी? राहता राहिला पाय. माणसाचा पाय जमिनीवर ठेवायचा कसा? त्यावर त्यांनी जो उपाय शोधला तो उपसमितीलाही सुचला नसता. माणसाच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला द्यायचा.

भरायचा म्हणजे असा की पाणी काठावर किंचित फुगून उभे राहिले पाहिजे. असा पेला हाती आला की वाघासारखा माणूस गोगलगाय होतो. बोलणे थांबते, नजर पाण्यावर खिळते आणि पाय आपोआप जवळ येतात.

ट्रे नेमका केव्हा न्यायचा, ही त्यातली खरी कला. काठोकाठ उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसून सभागृह वाचत. आधी कुणीतरी खुर्ची मागे सरकवतो. मग कुणीतरी बाह्या वर करतो. मग एखादी बाई चपला काढून कोपऱ्यात ठेवते. चपला कोपऱ्यात गेल्या की काठोकाठ उठले. "पाणी घ्या. जरा जपून, काठोकाठ आहे."

आनंदावर पाणी फिरवणे म्हणतात ते गावाने असे डोळ्यांनी पाहिले. मुलांचे वाढदिवस, परीक्षेत पास झालेल्यांचे मेळावे, जुन्या मित्रांच्या भेटी, सगळे त्या ट्रेपाशी येऊन थांबले. लोक कुरकुर करत. पण गावात दुसरे सभागृह नव्हते आणि तहानलेल्याला पाणी देणाऱ्याशी भांडायचे तरी कसे?

आता हे सगळे ज्या घरात चाले त्या घराबद्दल.

काठोकाठांची बायको चार बहिणींतली दुसरी. वडील सुतार. घर एका खोलीचे, आणि त्या एका खोलीत चौघी मिळून जे करत त्याला वडील धांगडधिंगा म्हणत. गाद्या ओढायच्या, त्यांचा डोंगर करायचा, मग एकमेकींचे खांदे धरून आगगाडी करायची आणि डोंगराला वळसे घालायचे. कुणी शिट्टी व्हायचे, कुणी इंजिन. वडील कामावरून येत, उंबऱ्यावर बसत आणि ओरडत, "कसला धांगडधिंगा चाललाय?" ओरडताना त्यांचा आवाज हसत असे. एखाद्या दिवशी घर शांत दिसले तर विचारत, "आज धांगडधिंगा नाही? कुणाला ताप आलाय का?"

अशा घरातून ती या दोन खोल्यांत आली. पहिल्याच दिवशी तिने डब्याचे झाकण लावले आणि फळ्यांपलीकडून कुणीतरी "श्शऽऽ" केले. त्यानंतर ती हळू बोलायला शिकली. चमचा न वाजवता ठेवायला शिकली. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायला शिकली. हसू आले की तिचा हात आपोआप तोंडावर जाई. मुलगी झाली तेव्हा बाळाच्या रडण्याबद्दल वाचनालयाच्या सूचनापेटीत तीन चिठ्ठ्या पडल्या. त्यांतली एक काठोकाठांच्या अक्षरात होती असे काही लोक म्हणतात, पण ते खरे नसावे. मुलगी मात्र मोठी झाली आणि भाजीबाजारात लिलाव पुकारायला लागली. तिचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जातो. कुंभाराच्या घरी मडके फुटके, म्हणतात ते असे.

तर काठोकाठांच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला. एकतीस वर्षांत धांगडधिंगा शून्य, म्हणून कार्यकारिणीने एकमताने ठराव केला की त्यांचा फोटो सभागृहात, संस्थापकांच्या रांगेत लावावा. पगारी माणसाचा फोटो त्या भिंतीवर प्रथमच लागणार होता. खिळा आठ दिवस आधी ठोकला गेला. काठोकाठ रोज सकाळी दार उघडले की आधी खिळ्याकडे बघत. मुलीच्या मते ते खिळ्याला नमस्कारही करत.

मंडळाची एक जुनी पद्धत होती. निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या दिवशी दुपारी तीन ते सहा सभागृह घरच्या माणसांसाठी मिळे. सहाला पदाधिकारी येणार, नोंदवहीच्या शेवटच्या ओळीखाली सह्या करणार, मग फोटो लागणार.

"त्या दुपारी मला हॉल हवाय," बायको म्हणाली.

"कशाला?"

"बहिणींना बोलावणार आहे. आम्हां चौघींना एकदा धांगडधिंगा करायचाय."

काठोकाठांनी आधी फळ्यांच्या भिंतीकडे पाहिले. "हळू बोल."

"हळूच बोलतेय. एकतीस वर्षं हळूच बोलतेय."

"अगं, पण फोटो लागायचाय माझा! एक ओळ उरली आहे फक्त. एक! आणि तीही तू..."

"मी तुम्हाला वहीत काही लिहा म्हणत नाही, लिहू नका म्हणत नाही. तुमची वही तुमच्यापाशी. मी एकच मागते. त्या दुपारी ट्रे आणू नका."

सवयीने काठोकाठांनी माणसे मोजली. चार बहिणी. थोरलीचे यजमान, म्हणजे त्यांचे साडू, पाचवे. मुलगी सहावी. सहा! त्यांच्या जिवात जीव आला. सहा म्हणजे सात नव्हे.

"सहाच ना? मग नाही आणत," ते म्हणाले. "पण आणखी कुणाला बोलवायचं नाही."

"सातवे तुम्ही आहात की."

"मी उंबऱ्याबाहेर. माझं स्टूल तिथेच असतं."

पडत्या फळाची आज्ञा समजून तिने तीन पत्रे लिहायला घेतली.

दुपारी तीनला सगळ्या आल्या. थोरली दोन्ही गुडघ्यांची तक्रार घेऊन आली. तिसरीच्या कानात ऐकायचे यंत्र, आणि ते शिट्टी मारते म्हणून बंद ठेवलेले. धाकटी तेवढी खणखणीत. साडूंना काय चालले आहे याचा पत्ता नव्हता, पण त्यांना तो घरीही नसे.

चौघी रांगेत खुर्च्यांवर बसल्या. गुडघ्यांबद्दल बोलणे झाले. पित्ताशयातल्या खड्यांबद्दल झाले. कुणाला कुठल्या गोळीने चक्कर येते ते झाले. काठोकाठांनी स्टुलावरून घड्याळ पाहिले. साडेतीन. सगळे कसे शिस्तीत चालले होते. बायको मात्र खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, गाडीची वाट पाहणारे माणूस फलाटावर बसते तशी.

"काय गं," धाकटी म्हणाली, "आपण धांगडधिंगा करायला आलोय की तपासणीला?"

"करूया की," थोरली म्हणाली. "पण करायचा कसा? आठवतंय का कुणाला?"

"आधी गाद्या," बायको पुटपुटली.

"काय?" तिसरीने विचारले.

"गाद्या."

"मोठ्यानं बोल की. मेली आधीपासून पुटपुटी नव्हती ही!"

"गाद्या."

"काय म्हणतेय ही?"

"गाद्याऽऽ!"

काठोकाठ स्टुलावरून उडालेच. तो आवाज कुणाचा हे कळायला त्यांना एक क्षण लागला. वाचनालयात एक खुर्ची करकरली. आणि कुणी "श्शऽऽ" करायच्या आत चौघी हसायला लागल्या.

परगावच्या पाहुण्यांसाठी मंडळाने ठेवलेल्या गाद्या अडगळीच्या खोलीतून निघाल्या. सात गाद्यांचा डोंगर झाला. साडूंना ताल धरायला काहीतरी हवे म्हणून मुलीने खुर्च्यांचे स्क्रू ठेवायचा पत्र्याचा डबा त्यांच्या हाती दिला. तो थापटला की वरून डबा वाजे आणि आतून स्क्रू. थोरलीच्याने चालवेना, तेव्हा तिला आठव्या गादीवर बसवून दोघींनी ओढायला घेतले. "आली आली, गुडघ्यांची गाडी आली!" मुलगी बाजारातल्या आवाजात पुकारू लागली. "फलाट सोडा! एक वार, दोन वार..."

"अगं हळू, मी पडेन!"

"पड की, गादीवरच आहेस!"

धाकटीने चपला काढल्या आणि कोपऱ्यात ठेवल्या.

आता जे झाले त्यात काठोकाठांच्या मनात खोट नव्हती. दिलेला शब्द मोडावा असे त्यांना वाटलेही नव्हते. पण चपला कोपऱ्यात गेल्या, आणि त्यांचे पाय उठले. पाय नळापाशी गेले, हातांनी पेले मांडले, डोळ्यांनी पाणी काठावर फुगताना पाहिले. आपण काय करतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा ते उंबऱ्यात उभे होते, हातात ट्रे, ट्रेमध्ये सहा पेले.

बायको गाडीच्या पुढे होती. तोंड उघडे टाकून ती हसत होती. काठोकाठांना तिचे सगळे दात दिसले, आणि मागची उजवीकडची एक दाढ नाही असेही दिसले.

मग तिला ट्रे दिसला. तिचा हात तोंडावर गेला.

इंजिनच थांबल्यावर गाडी थांबली. डबा थांबला. "द्या भाऊजी, बरं झालं, घसा सुकला होता," थोरली गादीवरून म्हणाली, आणि पेले हातोहात गेले. पाच जण पेले धरून ताठ उभे राहिले. थोरली ताठ बसली. कुणी हालेना. एकतीस वर्षांत इतके सुबक काम त्यांच्या हातून झाले नव्हते. बायकोने पेला दोन्ही हातांनी धरला होता आणि सांडू नये म्हणून ती पाण्याकडे बघत होती. असे उभे राहिलेले लोक त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. ती मात्र त्यांत कधी नव्हती.

"ती दाढ कधी काढलीस?" त्यांनी विचारले.

"कुठली?"

"मागची. उजवीकडची."

"नऊ वर्षं झाली."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं की," ती पाण्यावरची नजर न काढता म्हणाली. "हळू सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू गेलं नसेल."

काठोकाठांनी ट्रे स्टुलाखाली ठेवला. मग ते उंबरा ओलांडून आत आले, तिच्या हातातला पेला घेतला, उभ्याने घटाघटा प्यायले आणि पालथा घालून खिडकीत ठेवला.

"सातवा आलो," ते म्हणाले.

त्यांनाही पुढचे ठाऊक नव्हते. त्यांनी खिशातली पट्टी काढून मुलीकडे दिली आणि डावा पाय उचलला. मुलगी खाली वाकली. "बाबा, तीन बोटं कमी पडताहेत!"

"वर घ्या!" बायको म्हणाली.

"एवढाच जातो."

"अहो, वर घ्या म्हणते ना! एकतीस वर्षं लोकांचे मोजलेत!"

पाय वर गेला, तोल गेला, आणि मंडळाचे व्यवस्थापक सात गाद्यांच्या डोंगरावर उताणे झाले. त्यानंतर काय काय झाले त्याची नोंद कुणाकडे नाही. हातातले पेले सांडले एवढे नक्की. साडूंनी डबा असा बडवला की त्याचे झाकण उडून स्क्रू चहूकडे पळाले. वाचनालयातले चार वाचक तक्रार करायला दाराशी आले आणि तक्रार न करता उभे राहिले. काठोकाठ गाडीचा शेवटचा डबा झाले होते आणि तोंडाने शिट्टी वाजवत होते. हसताना त्यांनी जुन्या सवयीने सबळ कारण शोधून पाहिले. काही सापडले नाही.

पदाधिकारी वीस मिनिटे आधीच आले. वकिलांच्या काखेत कागदात गुंडाळलेला फोटो होता. तिघे दारात थांबले.

"हे... हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारले.

दातांचे डॉक्टर दारातून आत वाकले. "मला वाटतं," ते म्हणाले, "हाच तो असावा."

"घाई नको," वकील म्हणाले. "लक्षणं मोजली का कुणी?"

"मोजली," काठोकाठ धापा टाकत म्हणाले. "चारही आहेत." त्यांनी सदरा सारखा केला, टेबलापाशी जाऊन वही उघडली आणि शेवटची ओळ लिहायला घेतली. तारीख. कार्यक्रम, घरगुती. माणसे, सात. मोडलेल्या खुर्च्या, नाहीत. पेन शेवटच्या रकान्यावर आले आणि थांबले. भिंतीवर समोरच खिळा होता.

बायको जवळ आली. तिचे केस सुटले होते. पुन्हा त्या जुन्या, फळ्यांच्या भिंतीपलीकडे न जाणाऱ्या आवाजात ती म्हणाली, "अहो, 'नाही' लिहा. मला पुरलं. माझं झालं सगळं."

"झाला ना पण?"

"झाला."

"मग?" असे म्हणून त्यांनी रकान्यात लिहिले: 'झाला.'

"अहो, वेडेबिडे झालात का!" अध्यक्ष कळवळले. "खोडा ते! फोटो आणलाय आम्ही, चौकटीसकट. नेहमीसारखं 'नाही' लिहा, कोण विचारतंय?"

"खोडाखोडीला मनाई आहे, साहेब. नियम नववा."

"मग माणसं तरी सहा ठरवूया," वकील म्हणाले. "तुम्ही पगारी नोकर. नोकराला माणसांत धरावं असं व्याख्येत कुठेही नाही."

"तीन ते सहा सभागृह घरच्या माणसांचं, आणि मी घरचाच," काठोकाठ म्हणाले. "आणि पाय माझाच होता. मला वगळता येणार नाही."

वाद वाढला असता, पण धाकटी मध्ये पडली. "बसा हो तुम्ही तिघं. पाणी घेता का?"

तिघांनी एकदमच "नको" म्हटले.

संबंधितांस सभागृह कायमचे बंद झाले. फोटोचे काय, हा प्रश्न पुढच्या बैठकीत आला. ज्याला सभागृहात यायची बंदी आहे त्याच्या फोटोलाही येता येत नाही, असे वकिलांनी लेखी मत दिले आणि फोटो पोस्टाने परत आला. खिळा तिथेच आहे. लोक त्याला छत्री अडकवतात. साठ वर्षांत प्रथमच 'झाला' आल्यामुळे पुढची कार्यपद्धती ठरवायला उपसमिती नेमली आहे. तिचे काम चालू आहे. नवा व्यवस्थापक तरुण आहे. तो पाणी पिंपात भरून ठेवतो आणि ज्याला तहान लागेल त्याने उठून घ्यावे म्हणतो.

अध्यक्ष त्या दिवशी निघाले आणि फाटकापासून एकटेच परत आले. काठोकाठ गाद्या उचलत होते.

"ते शेवटचा डबा वळताना," अध्यक्षांनी आवाज उतरवून विचारले, "पुढच्याचा खांदा सोडायचा नसतो ना?"

"नाही सोडायचा. सोडला की घसरतो."

"तेच म्हणतो मी. आमच्याकडेही बहुतेक असंच होतं," अध्यक्ष म्हणाले. "आई बंद करायला सांगायच्या आधी."

खोल्या सोडायच्या होत्याच. बायकोने नवे बिऱ्हाड शोधले ते पत्र्याचे डबे आणि पिंपे बनवणाऱ्याच्या दुकानावर. सकाळी आठला खाली ठोकाठोकी सुरू होते ती संध्याकाळी सहाला थांबते. साधे मीठ मागायचे तरी ओरडावे लागते. काठोकाठांना पहिले पंधरा दिवस डोके धरून बसावे लागले. मग तेही ओरडायला लागले. फोटो तिने स्वयंपाकघरात, पाण्याच्या पिंपावर लावला आहे.

"अहो!" परवा ती आतून ओरडली. "पाणी द्या!"

काठोकाठांनी पेला घेतला, अगदी विचारपूर्वक अर्धा भरला आणि नेऊन दिला. तिने पेल्यात पाहिले.

"हे काय, अर्धाच?"

"सांडायला नको म्हणून!"

"काऽऽय?"

"म्हटलं, तुला मोकळं हलता यावं म्हणून!"

"अहो, तहान लागलीय मला! भरून आणा!"

ते परत पिंपाकडे गेले.